‘सोंगाड्या’ : एका भोळ्याचा तमाशाप्रवेश

१

चित्रपटाच्या कथेचा विषयच ‘प्रयोग उभा करणे’ हा असावा, असे चित्रपट जगाच्या बहुतेक चित्रसृष्टींत निघालेले आहेत. बोलपटाचे युग सुरू झाल्यावर थोड्याच वर्षांत अमेरिकेत या प्रकाराला एक ठराविक घाट आला. १९३३ चा ‘फॉर्टीसेकंड स्ट्रीट’ हा त्याचा नमुना मानला जातो. तालमी चालू आहेत, पैशाची ओढाताण आहे, ऐन वेळी मुख्य नटी जायबंदी होते, समूहनृत्यातील एक अनोळखी मुलगी तिच्या जागी उभी राहते आणि प्रयोग रंगतो. १९५२ चा ‘सिंगिन इन द रेन’ आणि १९५३ चा ‘बँड वॅगन’ हे याच घराण्यातील पुढचे विनोदी संगीतपट होत. तपशील बदलले तरी या साऱ्यांतील प्रश्न एकच असतो : प्रयोग होणार की नाही? तो झाला की प्रेम जुळते, रुसवे मिटतात आणि कथा संपते. रंगमंचावर जाणे ही तेथे निर्विवाद इष्ट गोष्ट असते.

मराठी चित्रपटात हा विषय आला तो मुख्यतः तमाशाच्या रूपाने. आणि तमाशा म्हटला की प्रश्नाचे स्वरूप मुळातच पालटते. मराठी तमाशापटात प्रयोग होणार की नाही याची चिंता सहसा कोणी करीत नाही. ढोलकी वाजते, गण होतो, गवळण होते, वगही उभा राहतो. तेथे चिंता असते ती निराळी : बोर्डावर चढलेल्या माणसाला घरी परतता येईल काय? प्रयोगाचे यश हे तेथे कथेचे उत्तर नसून पुष्कळदा तीच कथेतील अडचण असते.

या पार्श्वभूमीवर १९७१ साली प्रकाशित झालेल्या ‘सोंगाड्या’ या चित्रपटाचा विचार करावा, असा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. निर्माते व नायक दादा कोंडके, दिग्दर्शक गोविंद कुलकर्णी, लेखक वसंत सबनीस, संगीत राम कदम यांचे. कलावतीच्या भूमिकेत उषा चव्हाण, आईच्या भूमिकेत रत्नमाला आणि सोबत निळू फुले. हा चित्रपट अफाट लोकप्रिय झाला हे सर्वश्रुत आहे. परंतु लोकप्रियतेचा उल्लेख करून समीक्षेने त्याची बोळवण केली, आणि उरलेली जागा द्वयर्थी विनोदाच्या निषेधाला किंवा समर्थनाला दिली. माझ्या मते ‘सोंगाड्या’ने मराठी तमाशापटाच्या एका दृढ गृहीतकालाच हसत हसत धक्का दिला. ते गृहीतक कोणते, तो धक्का कसा बसला आणि त्याच्या मर्यादा काय, हे तीन मुद्दे पुढे मांडले आहेत.

२

ज्या परंपरेत ‘सोंगाड्या’ उभा आहे, ती प्रथम पाहिली पाहिजे. तिचा आरंभ आपल्याला परळात सापडतो. व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये परळ येथे राजकमल कलामंदिर स्थापन केले आणि त्याच संस्थेने १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट काढला. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या भूमिका, ग. दि. माडगूळकरांची लेखणी आणि वसंत देसाई यांचे संगीत यांमुळे तो गाजला. कथेचा कणा असा की, पेशवाईच्या काळातील एक विद्वान ब्राह्मण लावणीच्या व तमाशाच्या नादी लागतो आणि आपल्या समाजाला पारखा होतो. प्रतिभा त्याला तमाशाकडे खेचते आणि प्रतिष्ठा मागे ओढते. या ओढाताणीतच त्या चित्रपटाचे सारे नाट्य आहे.

त्यानंतर १९५९ मध्ये अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात तो १३१ आठवडे चालला. या चित्रपटाने तमाशापट हा मराठीतील एक हुकमी धंदेवाईक प्रकार बनवला. येथे नाट्य एका स्त्रीवरील अन्यायाचे आहे. परंतु बोर्ड ही गावाच्या प्रतिष्ठित जीवनाच्या पलीकडची जागा आहे, हे गृहीत कायम राहते. पुढे १९७२ मध्ये, म्हणजे ‘सोंगाड्या’नंतर वर्षभरातच, शांतारामांचा ‘पिंजरा’ प्रकाशित झाला. १९३० च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटाचे सूत्र त्याने घेतले : एक आदर्श शिक्षक नर्तकीच्या मोहात पडतो आणि पायरीपायरीने खाली येतो. गावाच्या मनातील गुरुजींची मूर्ती अभंग राहावी म्हणून अखेर तो स्वतःच्याच खुनाचा आरोप पत्करतो.

या तीन चित्रपटांची जातकुळी भिन्न आहे. तरी त्यांच्या मुळाशी असलेली जिन्याची कल्पना एकच आहे. घर, शाळा, पाठशाळा, गाव हे वरच्या पायरीवर. तमाशाचा फड खालच्या पायरीवर. माणूस तमाशात ‘जातो’ असे आपण म्हणतो खरे, परंतु मनात म्हणायचे असते की तो तमाशात ‘पडतो’. अमेरिकन संगीतपटात रंगमंच हा चढण्याचा जिना आहे. मराठी तमाशापटात तो उतरण्याचा आहे. ही केवळ चित्रपटांची खोड नव्हे. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि पुढे संहितेच्या पूर्वतपासणीची अट घालून ती उठवली, हा इतिहास पाहिला म्हणजे ही पायऱ्यांची उतरंड समाजाच्या आणि शासनाच्याही मनात किती खोल रुजलेली होती हे ध्यानात येते.

‘सोंगाड्या’ आणि ‘पिंजरा’ हे दोन चित्रपट एकापाठोपाठ आले आणि दोघांचेही संगीत राम कदम यांचे आहे, हा योगायोग अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. तीच ढोलकी, तोच संगीतकार. एका ठिकाणी ती माणसाला बुडवते आणि दुसऱ्या ठिकाणी आसरा देते. तेव्हा फरक ढोलकीत नाही, ती ऐकणाऱ्याच्या जागेत आहे.

३

ही ऐकणाऱ्याची जागा म्हणजे मुंबईचे गिरणगाव. ‘सोंगाड्या’चे कथानक खेड्यात घडते, आणि म्हणून तो ‘ग्रामीण चित्रपट’ या सदरात टाकला जातो. मला ते वर्गीकरण अपुरे वाटते. त्याचे खेडे हे नायगाव, लालबाग, परळ या भागांतून आठवलेले खेडे आहे.

दादा कोंडके १९३२ साली जन्मले ते याच गिरणगावात. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून आणि कोकणातून आलेला कामगार येथे चाळीच्या एका खोलीत दहा-दहा जणांच्या संगतीने राहत होता. गिरणीची पाळी, खानावळ, भजनी मंडळ, तालीम, सणासुदीला गावची वाट असे त्याचे जीवन होते. गावाकडची करमणूकही त्याच्यामागोमाग मुंबईत आली. कोकणातल्या लोकांनी दशावतार आणि शक्ती-तुरा आणला. घाटावरच्यांनी तमाशा आणला. पिला हाऊसच्या थिएटरांत आणि लालबागच्या हनुमान थिएटरात फड उतरत, आणि पाळी सुटलेला कामगार तिकीट काढून आपलेच गाव पाहायला जाई. परळच्या दामोदर नाट्यगृहात हाच कामगार स्वतः तोंडाला रंग लावून नाटके करी. म्हणजे गिरणगावातील प्रेक्षक हा निव्वळ प्रेक्षक नव्हता. प्रयोग उभा करणे म्हणजे काय याचा त्याला हातचा अनुभव होता.

याच वस्तीत तमाशाला दुसरे एक वळण मिळाले. १९४४ साली स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकाने, म्हणजे अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी, तमाशाच्या घाटातून कामगारांचे आणि शेतकऱ्यांचे प्रश्न मांडले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी तोच घाट निराळ्या विचारासाठी वापरला, पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ हे त्यातले प्रसिद्ध उदाहरण. शाहीर साबळे यांच्या लोकनाट्यांनी हा प्रकार तिकीटखिडकीवरही रुजवला. तमाशाचे ‘लोकनाट्य’ झाले ते या वाटेने. या नामांतरात सोय होती, तशी एक मेखही होती. सुशिक्षित लेखकाची संहिता आणि मध्यमवर्गीय सभागृह मिळाले की जी गोष्ट ‘लोकनाट्य’ म्हणून चालते, तीच कनातीत झाली की ‘तमाशा’ म्हणून नाक मुरडले जाते.

कोंडके हे सेवा दलाच्या बँडपथकातून आणि कलापथकातून वर आले. ‘खणखणपूरचा राजा’ या लोकनाट्यातील त्यांचे काम पाहिलेल्या वसंत सबनीसांनी त्यांच्यासाठी ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिले आणि १९६५ पासून ते रंगभूमीवर गाजू लागले. राजा, प्रधान, कोतवाल, हवालदार आणि मैनावती एवढ्या पात्रांच्या या वगात कोंडके हवालदार होत. संहिता सबनीसांची, परंतु प्रयोगागणिक त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील राजकारण हवालदाराच्या तोंडी येई, आणि प्रेक्षक कालचा विनोद आज बदलला काय हे पाहायला पुन्हा येत. यानंतर भालजी पेंढारकर यांच्या ‘तांबडी माती’मधून (१९६९) कोंडके पडद्यावर आले; आणि दोन वर्षांनी त्यांनी स्वतःच निर्माता होऊन ‘सोंगाड्या’ काढला. लेखक तेच सबनीस. कलापथकाची शिस्त, लालबागच्या थिएटरांची जाण आणि ‘विच्छा’च्या शेकडो प्रयोगांत कमावलेली प्रेक्षकाची नाडीपरीक्षा, एवढे भांडवल या चित्रपटामागे होते.

४

कथानक साधे आहे. करारी आईच्या धाकात वाढलेला नाम्या हा भोळसट मुलगा. मित्रांच्या ओढीने तो तमाशाला जातो, तेथील कलावतीला पाहून हरखून जातो आणि त्याला तमाशाचा छंद लागतो. आईला हे कळताच ती त्याला घराबाहेर काढते. तेव्हा कलावती त्याला आसरा देते आणि नाम्या फडाचा सोंगाड्या बनतो. यापुढच्या घडामोडी रूढ चित्रपटांच्या वळणाच्या आहेत. त्यांचा ऊहापोह येथे करीत नाही. महत्त्वाचा आहे तो हा प्रवेश.

रामजोशी आणि ‘पिंजरा’तील गुरुजी यांच्यापाशी तमाशात शिरताना गमावण्यासारखे काही होते : एकाचे पांडित्य आणि जात, दुसऱ्याचा आदर्श. नाम्यापाशी तसे काहीच नाही. तो शिकलेला नाही, श्रीमंत नाही, गावात त्याला मान नाही. जो उंचावर नाहीच तो पडणार कोठून? नायकाची ही साधी अदलाबदल करताच तमाशापटाचे सारे गणित कोसळते. शोकांतिकेत जे ‘अधःपतन’ म्हणून भासत होते, ते नीतीचे पतन नव्हते, प्रतिष्ठेचे होते, हे उघडे पडते. तोच फड, तीच नर्तकी, तीच लावणी. परंतु शिरणारा माणूस बदलला तर शोकाचा प्रहसनात पालट होतो. ‘सोंगाड्या’चे वाङ्मयीन महत्त्व मला येथे दिसते. कोणतेही भाष्य न करता त्याने मागल्या चित्रपटांतील करुणरसाचे वर्गीय मूळ दाखवून दिले.

आईचे पात्र या दृष्टीने नीट पाहण्यासारखे आहे. रत्नमाला यांनी उभी केलेली ‘आये’ ही खलस्त्री नाही. तिचा राग प्रेक्षकाला हसवतो, परंतु खोटा वाटत नाही. ज्या घरात दागिना नाही, त्या घरात अब्रू हाच दागिना असतो, आणि तो मुलाने फडावर उधळला असे तिला वाटते. वरच्या वर्गाची मूल्ये खालच्या वर्गाने किती निष्ठेने जपलेली असतात, हे या आईत दिसते. गिरणगावातील कित्येक प्रेक्षकांनी गावाकडची आई अशीच पाहिलेली असणार. पोरगा मुंबईत कमावतो याचा तिला अभिमान. तो पिला हाऊसला जातो हे कोणी कानावर घातले तर मात्र तिचे दार बंद. तेव्हा घरातून हाकलला गेलेला नाम्या हा त्या प्रेक्षकाला परका नव्हता. घर सुटल्यावर कोणा अनोळखी माणसाच्या आधाराने पोट भरायला शिकणे, हीच तर त्याची स्वतःची कथा होती. कलावतीचा फड नाम्याला सामावून घेतो तसा चाळीतल्या खोलीने त्याला सामावून घेतले होते.

आता सोंगाड्या या पात्राविषयी. तमाशाच्या फडात सोंगाड्या हा सर्वांत बुद्धिमान नट असतो. गवळणीत तो कृष्णाच्या सवंगड्याच्या भूमिकेत उभा राहतो, बतावणीत सवालाला जबाब देतो, वगात राजाच्या अलंकारिक भाषणाला गावठी शब्दाची टाचणी लावतो. वगाला पडदा नाही, नेपथ्य नाही. बोर्डावर एक फेरी मारली की राजधानीतून जंगलात जाता येते. या ठिगळांच्या जगाकडे बोट दाखवून ‘हे सारे सोंग आहे’ असे सांगण्याचा अधिकार एकट्या सोंगाड्याला असतो. दादू इंदुरीकरांचे ‘गाढवाचं लग्न’ ज्यांनी पाहिले, त्यांना हे वेगळे सांगायला नको. मूर्खपणा हे त्याचे सोंग असते आणि शहाणपणा ही त्याची मालमत्ता.

चित्रपटाने येथे उलटापालट केली आहे. नाम्या मूर्खाचे सोंग घेत नाही, तो खरोखरच भोळा आहे. जे इतरांना कष्टाने शिकावे लागते ते त्याला स्वभावतःच येते. म्हणून तो बोर्डावर शोभतो. प्रथमदर्शनी ही कलेची अवहेलना वाटेल. परंतु नाम्याची भूमिका करणारा नट कोण हे प्रेक्षकाला ठाऊक आहे. ‘विच्छा’तला बेरकी हवालदार त्याने पाहिला आहे, निदान त्याची कीर्ती ऐकली आहे. पडद्यावरचा भोळा आणि पडद्याआडचा चतुर यांची जोड प्रेक्षकाच्या मनात लागते आणि मूळ सोंगाड्या त्या जोडीतून पुन्हा सिद्ध होतो. लोंबत्या नाडीची ढगळ अर्धी विजार, गोंधळलेले डोळे, तुटक बोलणे ही त्या सोंगाची साधने. तमाशातला सोंगाड्या एका देहात दोन माणसे वागवतो. चित्रपटात ती दोन माणसे पात्र आणि नट अशी विभागली गेली आहेत.

द्वयर्थी विनोदाचा प्रश्नही याच अंगाने पाहिला पाहिजे. द्वयर्थी वाक्यात शब्द शेतीचा, अवजाराचा किंवा जनावराचा असतो. दुसरा अर्थ ऐकणारा पुरवतो. बोलणाऱ्याला तो अर्थ ठाऊक नाही अशी व्यवस्था असेल तर एक चमत्कारिक गोष्ट घडते : अश्लीलतेचा आरोप बोलणाऱ्यावरून उठून हसणाऱ्यावर येतो. नाम्या निष्पाप आहे. हसलो ते आपण. प्रेक्षागृहातील प्रत्येक जण क्षणभर शेजाऱ्याकडे पाहतो आणि तोही हसत आहे हे पाहून सुटतो. सभ्यतेचे सोंग सर्वांनी मिळून एकदम उतरवण्याचा हा प्रकार आहे. ‘सोंगाड्या’त या विनोदाला नाम्याच्या स्वभावाचा आधार आहे, म्हणून तो कथेचा भाग वाटतो. पुढील चित्रपटांत हा आधार क्षीण होत गेला. भोळेपणा हा स्वभाव न राहता बुरखा झाला, आणि ऐकणाऱ्याने पुरवायचा अर्थ बोलणाराच अधोरेखित करू लागला. तेथे टीकाकारांचे आक्षेप मला मान्य आहेत. परंतु उत्तरकालीन दोषांचे माप ‘सोंगाड्या’च्या पदरात घालणे न्याय्य नाही.

५

याचा अर्थ या चित्रपटात उणिवा नाहीत असा नव्हे. तीन उणिवा मला ठळक वाटतात.

पहिली माध्यमाची आहे. ‘विच्छा’चा प्राण उत्स्फूर्ततेत होता. प्रेक्षकातून शब्द यावा, हवालदाराने तो झेलावा आणि वगाच्या राजाला त्या दिवसाच्या मंत्र्याचा वास यावा, हे रिळावर होऊ शकत नाही. चित्रपटात विनोद एकदा छापला गेला की कायमचा झाला. यामुळे तमाशाच्या राजकीय टीकेची धार ‘सोंगाड्या’त बोथटली. राजाची खिल्ली मागे पडली आणि भोळ्या माणसाची फजिती पुढे आली. लोकनाट्याचा हवालदार सत्तेला हसत होता. चित्रपटाच्या नाम्याला आपण हसतो. हा पालट लहान नाही.

दुसरी उणीव फडाच्या चित्रणाची. प्रयोग उभा करणे हे श्रमाचे काम आहे. कनाती, बैलगाड्या किंवा ट्रक, सुपारी, उचल घेतलेल्या पैशाचा हिशेब, पावसाळ्यातील उपासमार, रात्रभर नाचून सकाळी पुढचा गाव गाठणे, हे फडाचे खरे जीवन होते. विठाबाई नारायणगावकर यांच्यासारख्या थोर कलावंतिणीच्या आयुष्यातही हे कष्ट चुकले नाहीत. शिवाय हे श्रम करणारे कलावंत प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतून आलेले होते. अभिजनांच्या लेखी तमाशा खालच्या पायरीवर का होता, याचे उत्तर लावणीच्या शृंगारात जितके आहे तितकेच गाणाऱ्यांच्या जातीत आहे. ‘सोंगाड्या’ पायऱ्यांची चेष्टा करतो, परंतु त्या कोणाच्या पाठीवर उभ्या आहेत ते सांगत नाही.

तिसरी उणीव कलावतीच्या पात्राची. पूर्वीच्या तमाशापटांत नर्तकी बहुधा मोहिनी तरी असे किंवा बळी तरी. येथे ती आसरा देणारी आहे, आणि हा निश्चित पुढचा टप्पा आहे. उषा चव्हाण यांनी तिला ठसका दिला आहे. परंतु नाम्याच्या घरातून हाकलले जाण्याला कथेत जे वजन आहे, ते कलावतीला घरच नाही या वस्तुस्थितीला नाही. १९७० साली, म्हणजे ‘सोंगाड्या’च्या आदल्याच वर्षी, हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. पडद्यावर रामजोशीला मोहविणाऱ्या नटीच्या स्वतःच्या जीवनातील घर आणि रंगमंच यांचा झगडा त्यात आहे. त्या पुस्तकाशेजारी ठेवले असता ‘सोंगाड्या’तील घराचा प्रश्न हा पुरुषाच्या बाजूने सोडवलेला प्रश्न आहे, हे मान्य करावे लागते.

६

चित्रपटातील प्रयोगाविषयी एवढे बोलल्यावर त्या चित्रपटाच्याच ‘प्रयोगा’विषयी बोलणे प्राप्त आहे, कारण दोन्हींचा प्रश्न एकच होता. ‘सोंगाड्या’साठी दादरचे कोहिनूर चित्रगृह ठरलेले असताना तेथे देव आनंद यांचा ‘तेरे मेरे सपने’ लावण्याचा निर्णय झाला. कोंडके यांनी शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांच्याकडे धाव घेतली. त्या वेळी शिवसेनेला जेमतेम पाच वर्षे झाली होती. शिवसैनिकांनी चित्रगृहापुढे निदर्शने केली, ‘सोंगाड्या’ला पडदा मिळाला आणि पुढे त्याचा रौप्यमहोत्सव झाला. सलग नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवाचा जो विक्रम पुढे कोंडके यांच्या नावावर नोंदला गेला, त्याची ही सुरुवात होय.

हा प्रसंग सामान्यतः मराठी अस्मितेच्या किंवा पक्षाच्या इतिहासात सांगितला जातो. मला त्यात एक दुसरी गोष्ट दिसते. कोहिनूरपासून नायगावची वस्ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्या वस्तीत जन्मलेल्या माणसाने, त्या वस्तीच्या आठवणीतले गाव, त्या वस्तीसाठी पडद्यावर आणले होते. आणि हमरस्त्यावरच्या चित्रगृहात त्याला दार उघडेल की नाही याची शाश्वती नव्हती. नाम्याला घराचे दार बंद झाले तसेच हे. मराठीत म्हण आहे की, सारी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. चित्रपटधंद्यात पडदा ज्याच्या हातात त्याचा पैसा खरा. बाकी सारे सोंगाडे.

येथे एक आक्षेप घेतला जातो तो असा की, चित्रपटाचे यश हे आंदोलनाचे यश होते. हा आक्षेप टिकणारा नाही. आंदोलनाने चित्रगृह मिळवता येते. पंचवीस आठवडे खुर्च्या भरता येत नाहीत. दडपणाने लावलेला खेळ पहिल्या शुक्रवारी लागतो आणि दुसऱ्या शुक्रवारी उतरतो. मात्र या प्रसंगाचा एक अनिष्ट परिणाम झाला, हेही नमूद केले पाहिजे. चित्रपटाचे मूल्यमापन बाजूला पडून त्याच्याविषयी दोन तट निर्माण झाले. कैवाऱ्यांनी आठवडे मोजले, टीकाकारांनी द्वयर्थी वाक्ये मोजली. या मोजदादीत चित्रपट नीट पाहायचा राहून गेला.

७

आज या साऱ्या भूगोलात काय उरले आहे? १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या पूर्वीसारख्या कधीच उभ्या राहिल्या नाहीत. लालबागच्या हनुमान थिएटरातील ढोलकी केव्हाच थांबली. कोहिनूर हे जुने एकपडदा चित्रगृह राहिले नाही. दादा कोंडके १९९८ मध्ये मुंबईतच वारले. ज्या प्रेक्षकाच्या आठवणीतून ‘सोंगाड्या’चे गाव निर्माण झाले, तो प्रेक्षकही आता त्या वस्तीत विरळ झाला आहे. त्यामुळे हा चित्रपट पुढील पिढीला एका खेडवळ माणसाची निव्वळ फार्सिकल कथा वाटण्याचा संभव आहे. तो गिरणगावाच्या संदर्भात पाहिला जावा, असा या निबंधाचा आग्रह आहे.

विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. अमेरिकन संगीतपटाने विचारले, प्रयोग होईल काय? मराठी तमाशापटाने विचारले, प्रयोग करणारा घरी परतेल काय? ‘सोंगाड्या’ने या दुसऱ्या प्रश्नातील भय हास्यात विरघळवले, कारण ज्याला प्रतिष्ठाच नाही अशा माणसाला त्याने नायक केले. त्यामुळे तमाशातील ‘पतन’ ही वरच्या पायरीवरून दिसणारी गोष्ट आहे, एवढे स्पष्ट झाले. खालच्या पायरीवरून, म्हणजे फडातल्या कलावंताच्या आणि विशेषतः कलावंतिणीच्या जागेवरून, हीच गोष्ट कशी दिसते, ते या चित्रपटाने सांगितले नाही. ते सांगणारा विनोदी संगीतपट मराठीत माझ्या पाहण्यात नाही. तो निघायचा असेल तर त्याच्या लेखकाला ‘पिंजरा’च्या कारुण्यापेक्षा ‘सोंगाड्या’च्या भोळेपणापासून आरंभ करणे अधिक फलदायी ठरेल, कारण पायऱ्या मोडण्याची सुरुवात त्यांना हसण्यापासूनच होते.